सेंट लुबिनची हूल : महासत्तांच्या स्पर्धेत पुणे दरबार, 1777 ते 1783

महासत्तांच्या स्पर्धेवरचे बहुतेक संशोधन महासत्तांच्याच राजधान्यांतून लिहिले जाते. कोणाचे आरमार किती वाढले, कोणाचा कोणावर संशय होता आणि कोणी कोणाशी तह केला, याचा हिशेब त्यात बारकाईने मांडलेला असतो. बाकीची राज्ये मात्र कोणाच्या तरी प्रभावक्षेत्रात मोडतात आणि तेवढ्यावर त्यांचा विषय संपतो. पुण्यात बसून आंतरराष्ट्रीय संबंध शिकणाऱ्याने ही मांडणी जशीच्या तशी स्वीकारण्याचे कारण नाही, कारण अशी स्पर्धा दोन बाजूंच्या मध्ये उभे राहून पाहिल्याचा एक तपशीलवार नमुना याच शहराच्या दफ्तरात आहे. 1777च्या उन्हाळ्यात सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुणे दरबारात आला आणि सव्वा वर्षाने, जवळजवळ रिकाम्या हातांनी, परत गेला. या भेटीतून ना फौज आली, ना टिकाऊ तह झाला. तरीही पुढच्या पाच-सहा वर्षांच्या राजकारणावर तिचा परिणाम झाला. तो कसा झाला, हा प्रस्तुत अभ्यासाचा विषय आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की दोन बलाढ्य सत्तांच्या भांडणात तिसऱ्या राज्याला मिळणारे बळ दुसऱ्या सत्तेच्या मदतीतून येत नाही, तर त्या मदतीची पहिल्या सत्तेला जी धास्ती वाटते तीतून येते. मात्र या धास्तीचे पुढे काय करायचे हे ते तिसरे राज्य ठरवू शकत नाही. ते ठरते पहिल्या सत्तेच्या अंतर्गत भांडणात. नाना फडणीसांनी फ्रेंचांना बरोबर जोखले होते. त्यांचा अंदाज चुकला तो इंग्रजांच्या घरातल्या मतमोजणीबाबत.

पूर्वपीठिका

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादा पेशवे झाले, पण कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध बारभाईंचे मंडळ उभे केले. 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाल्यावर तर राघोबादादांच्या हक्काचा पायाच निघून गेला. एवढी कथा मराठी वाचकाला पाठ असते, म्हणून ती येथे लांबवत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या भांडणात मुंबईकर इंग्रजांनी केलेले चंचुप्रवेशाचे राजकारण.

मुंबईच्या कौन्सिलला साष्टी आणि वसई हवी होती, कारण त्याखेरीज मुंबई हे पाठीशी मुलूख नसलेले, धान्यासाठी परमुलखावर अवलंबून असलेले बेट होते. डिसेंबर 1774मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. त्या वेळी पुढे केलेले कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. पोर्तुगीज आरमार साष्टी परत जिंकण्याच्या तयारीत आहे, तेव्हा ती त्यांच्या हाती जाण्यापेक्षा आपणच घेतलेली बरी, असा युक्तिवाद तेव्हा केला गेला. प्रतिस्पर्ध्याची भीती दाखवून आपला जुना हेतू साधायचा ही मुंबईची रीत सेंट लुबिन येण्याच्या आधीपासूनची होती. मार्च 1775च्या सुरतेच्या करारात राघोबादादांनी साष्टी-वसई देण्याचे कबूल केले आणि इंग्रज फौज त्यांच्या मदतीला निघाली.

येथे इंग्रजांच्या व्यवस्थेतला एक नवा बदल आडवा आला. 1773च्या रेग्युलेटिंग ॲक्टने बंगालच्या गव्हर्नर-जनरलला मुंबई आणि मद्रास यांच्या युद्ध-तहाच्या व्यवहारांवर देखरेखीचा अधिकार दिला होता. सुरतेचा करार कलकत्त्याला न विचारता झाला होता. कलकत्त्याच्या कौन्सिलने तो अनधिकृत आणि अन्याय्य ठरवला, कर्नल अप्टनला पुण्याकडे पाठवले आणि 1 मार्च 1776 रोजी पुरंदरचा तह केला. त्यानुसार साष्टी इंग्रजांकडे राहायची होती, त्यांना युद्धखर्चापोटी 12 लाख रुपये मिळायचे होते आणि राघोबादादांनी नेमणूक (म्हणजे ठरावीक निर्वाहरक्कम) घेऊन कोपरगावी राहायचे होते. मुंबईने हा तह मनापासून कधीच मानला नाही. राघोबादादांना आधी सुरतेत आणि मग खुद्द मुंबईत आसरा मिळाला. त्यातच ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांचे पत्र आले आणि त्यात सुरतेच्या कराराला पसंती होती. एकाच कंपनीचे लंडन, कलकत्ता आणि मुंबई असे तीन आवाज पुण्याच्या कानावर एकाच वेळी पडत होते आणि ते तिन्ही एका सुरात नव्हते.

नानांनी यातून काढलेला निष्कर्ष त्या क्षणी वाजवी होता. मुंबई उतावळी आहे, पण तिचा लगाम कलकत्त्याच्या हाती आहे, आणि कलकत्त्याने एकदा लगाम खेचलेला आपण पाहिला आहे. मग कलकत्त्याने तो पुन्हा खेचावा म्हणून मुंबईच्या वागण्याची किंमत वाढवत ठेवायची. ही किंमत वाढवण्याचे साधन चौलच्या बंदरात आपण होऊन उतरले.

फरासीस वकील पुण्यात

1763च्या पॅरिस तहानंतर फ्रान्सजवळ हिंदुस्थानात पाँडिचेरी, चंद्रनगर, माहे अशी मोजकी ठाणी उरली होती. 1775पासून ब्रिटनच्या अमेरिकेतल्या वसाहती बंडात उतरल्या होत्या आणि ब्रिटनला जगात आणखी कोठे अडचणीत आणता येईल याचा विचार फ्रेंच दरबारात सुरू झाला होता. तेथील आरमारमंत्री सार्तिन याच्या पाठबळाने सेंट लुबिन निघाला. ज्या जहाजातून तो आला त्याचे नावही या मंत्र्याचेच होते. मार्च 1777मध्ये हे जहाज लष्करी सामान आणि व्यापारी माल घेऊन चौलला लागले आणि मे महिन्यात सेंट लुबिन पुण्यात दाखल झाला.

हा माणूस साधा नव्हता आणि भरवशाचाही नव्हता. पहिल्या इंग्रज–म्हैसूर युद्धाच्या काळात हैदरअलीची आतली माहिती आपल्याला आहे असे सांगत तो मद्रासच्या इंग्रजांकडे वावरला होता. आता फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून तो पुण्यात उभा राहिला. त्याने देऊ केलेली मदत मोठी होती : 2,500 युरोपीय सैनिक, फ्रेंच अंमलदारांच्या हाताखाली कवायत शिकवलेले 10,000 शिपाई, शिवाय दारूगोळा आणि आरमारी साहाय्य. मोबदल्यात त्याला चौलचे बंदर हवे होते.

चौल-रेवदंडा मुंबईच्या दक्षिणेस, गलबताने एका दिवसाच्या टप्प्यात आहे. तेथे फ्रेंच आरमाराने नांगर टाकला असता, तर मुंबईत येणारे प्रत्येक जहाज त्याच्या नजरेखाली आले असते, आणि मागच्या घाटवाटांनी पुण्याला युरोपीय शस्त्रे मिळण्याचा, इंग्रजांच्या हातात नसलेला, एक मार्ग उघडला असता. मुंबईच्या कौन्सिलची झोप उडायला एवढी कल्पना पुरेशी होती.

सेंट लुबिनला दरबारात मान मिळाला, आणि तो इंग्रज वकिलाच्या नजरेत भरेल अशा बेताने मिळाला. हा इंग्रज वकील थॉमस मॉस्टिन याआधीही पुण्यात राहून गेलेला होता आणि राघोबादादांच्या पक्षाचा मानला जाई. पुरंदरच्या तहानंतर तो पुन्हा पुण्यात आला, तो याच सुमारास. एकाच शहरात दोन टोपीकर वकील ठेवायचे, एकाच्या भेटीची बातमी दुसऱ्याला कळेल अशी व्यवस्था ठेवायची आणि दोघांनाही आशेवर ठेवायचे, हे नानांचे धोरण वरवर पाहता दोन्ही डगरींवर हात ठेवण्याचे दिसते. परंतु नीट पाहिले तर दोन्ही हात सारखे नव्हते. फ्रेंचांना दिले ते सन्मान, राहण्याची सोय आणि आश्वासने. इंग्रजांकडे मात्र ठोस मागणी होती : राघोबादादांना आमच्या हवाली करा आणि पुरंदरचा तह पाळा. फ्रेंच वकिलाचा सगळा उपयोग या मागणीला धार लावण्यासाठी होता. इंग्रजी कागदांत चौल फ्रेंचांना दिलेच, असे जवळजवळ गृहीत धरलेले आढळते. प्रत्यक्षात चौलला फ्रेंच ठाणे बसले नाही, तेथे फ्रेंच निशाण लागले नाही आणि 2,500 सैनिकांतला एकही उतरला नाही. नानांनी परत घेता येणार नाही असे काहीही दिले नाही. हुकमाचे पान हातात ठेवून खेळणाऱ्याची ही रीत आहे. पान टाकले की त्याची किंमत संपते हे नानांना ठाऊक होते.

मॉस्टिनचे अहवाल वाचताना संशोधकाने एक पथ्य पाळायला हवे. ते अहवाल घडलेल्या गोष्टींची नोंद म्हणून लिहिलेले नाहीत. ते मुंबईच्या हाती कलकत्त्याविरुद्ध पुरावा द्यावा म्हणून लिहिलेले आहेत. फ्रेंचांना मिळालेला प्रत्येक मान त्यांत थोडा मोठा होतो आणि नानांची प्रत्येक टाळाटाळ फ्रेंच कटाची खूण ठरते. इंग्रजी कागद संख्येने पुष्कळ आणि छापील स्वरूपात हाताशी असल्यामुळे आपल्याकडच्या लेखनातही नाना फ्रेंचांच्या कच्छपी लागले होते असा सूर अधूनमधून उमटतो. तो मूळचा मॉस्टिनचा सूर आहे, हे विसरता कामा नये.

धास्तीचा मालक कोण

येथवर पुण्याचा डाव बरोबर चालला होता. धास्ती निर्माण झाली होती. पुढचा प्रश्न या धास्तीचे कोणी काय केले हा आहे आणि प्रकरणाचे मर्म माझ्या मते येथे आहे.

सत्तासमतोलाची नेहमीची मांडणी ‘इंग्लंडला वाटले’, ‘फ्रान्सने ठरवले’ अशा भाषेत बोलते. 1777 सालच्या इंग्लंडला एकच एक वाटणे शक्यच नव्हते. मुंबईच्या कौन्सिलचा प्रमुख विल्यम हॉर्नबी याला सुरतेचा करार पुन्हा जिवंत करायचा होता. कलकत्त्याच्या कौन्सिलमध्ये गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याचे विरोधक यांच्यात उघड वैर होते. 1775मध्ये सुरतेचा करार नाकारला गेला तो क्लेव्हरिंग, मॉन्सन आणि फ्रान्सिस या तिघांचे बहुमत होते म्हणून. हेस्टिंग्ज आणि बारवेल अल्पमतात होते. सप्टेंबर 1776मध्ये मॉन्सन मरण पावला आणि ऑगस्ट 1777मध्ये क्लेव्हरिंग. आता एका बाजूला हेस्टिंग्ज व बारवेल आणि दुसऱ्या बाजूला फ्रान्सिस व नवा सदस्य व्हीलर अशी बरोबरी झाली, आणि बरोबरीत निर्णायक मत हेस्टिंग्जचे होते. कलकत्त्याच्या हवेत झालेल्या या दोन मृत्यूंनी पुण्याभोवतीचे राजकारण जितके बदलले, तितके सार्तिनच्या सगळ्या योजनांनी बदलले नाही.

ज्या कलकत्त्यावर पुण्याचा भरवसा होता, ते कलकत्ता 1777च्या अखेरीस उरलेच नव्हते. मुंबईचा प्रस्ताव तिकडे पोचला तेव्हा त्यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या. पहिली, पुण्यातल्याच एका पक्षाला राघोबादादा परत यायला हवे आहेत. दुसरी, सेंट लुबिन पुण्यात बसला आहे आणि वेळीच हालचाल केली नाही तर पश्चिम किनाऱ्यावर फ्रेंच येतील. फ्रान्सिस या मोहिमेच्या विरोधात होता, पण 1778च्या सुरुवातीस हेस्टिंग्जने आपल्या निर्णायक मताच्या जोरावर मंजुरी दिली आणि बंगालची फौज खुष्कीच्या मार्गाने, काल्पीवरून, पश्चिमेकडे पाठवण्याचे ठरवले. पुढे अमेरिकेत साराटोगा येथे इंग्रज फौजेने ऑक्टोबर 1777मध्ये शरणागती पत्करल्याची बातमी आली, तेव्हा त्याने मांडलेला विचार मोठा बोलका आहे : पश्चिमेकडे ब्रिटनचे नुकसान झाले असेल, तर पूर्वेकडच्यांनी ते भरून काढण्यासाठी अधिकच झटले पाहिजे. अमेरिकेतल्या जंगलात एक सेनापती हरतो आणि त्याची भरपाई पुण्याच्या मुलखातून करण्याचा विचार कलकत्त्यात होतो. महासत्तांची स्पर्धा जगभर पसरते म्हणजे काय, हे दाखवायला याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही.

राघोबादादांना परत आणू पाहणाऱ्या पुण्यातल्या पक्षाचीही नानांना काळजी होती. पुण्यातल्या फुटीचे नेतृत्व त्यांचेच चुलतबंधू मोरोबा फडणीस करत होते. 1778च्या पूर्वार्धात मोरोबांनी कारभार हाती घेतला, नाना पुरंदराकडे सरले, आणि महादजी शिंदे फौजेसह आल्यावरच पारडे फिरले. जुलैमध्ये मोरोबा कैदेत पडले. परकी सत्ता एखाद्या दरबारात शिरते ती बहुधा आतल्या कोणी दार उघडल्यामुळेच, हे या प्रसंगाने पुन्हा दाखवले. पण हा भाग पुष्कळांनी लिहिलेला आहे.

मोरोबा पडले त्याच महिन्यात आणखी दोन घटना घडल्या. फ्रान्सने फेब्रुवारी 1778मध्ये अमेरिकनांशी तह केला होता आणि त्याचे पर्यवसान युद्धात झाले. कैरोतील इंग्रज प्रतिनिधी जॉर्ज बाल्डविन याच्याकडून ही खबर 7 जुलैच्या सुमारास कलकत्त्यात पोचली आणि हेस्टिंग्जने चंद्रनगर ताब्यात घ्यायला तीन-चार दिवसांहून अधिक वेळ लावला नाही. ऑक्टोबरात पाँडिचेरी पडली. आणि नेमक्या याच पावसाळ्यात सेंट लुबिन पुण्यातून बाहेर पडला. निरोप देताना नानांनी त्याला आशेवरच ठेवले : फ्रेंच फौज घेऊन या, मग जागा देऊ. म्हणजे फ्रेंच-इंग्रज युद्ध जोवर नुसते संभाव्य होते, तोवर फ्रेंच वकील पुण्यात होता, आणि ते प्रत्यक्ष पेटले तेव्हा तो वाटेला लागला. तरी त्याच्या नावाने मंजूर झालेली मोहीम काही थांबली नाही. कौन्सिलचे ठराव, फौजेची कूच, रसदेची कंत्राटे हे सगळे एकदा चालू झाल्यावर मूळ कारण उरले आहे की नाही, हे कोणी विचारत नाही.

तळेगाव

नोव्हेंबर 1778च्या अखेरीस मुंबईची फौज निघाली. सुमारे चार हजारांची ही फौज पनवेलवरून बोरघाट चढून वर आली. सेनापती कर्नल एगर्टन आजारी होता, अधिकार तीन जणांच्या समितीत वाटलेला होता आणि समितीचा सूर मुंबई कौन्सिलचा सदस्य कर्नाक याच्या हाती होता. तिसरा सभासद खुद्द मॉस्टिन होता. दरबाराची खडान्‌खडा माहिती असलेला हा एकमेव माणूस मोहिमेत आजारी पडला आणि 1 जानेवारी 1779 रोजी मरण पावला. राघोबादादा बरोबर होते, पण त्यांना येऊन मिळतील असे सांगितलेले सरदार काही दिसेनात.

आज लोणावळ्याहून सुटणारी लोकल पाऊण तासाच्या आत तळेगावला पोचते. डिसेंबरअखेरीस घाटमाथ्यावर आलेली ही फौज तळेगावला पोचली ती 9 जानेवारीला. हजारो बैल, तोफा, सामानाचे गाडे आणि दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवरून सतत त्रास देणारे मराठी घोडदळ, यांमुळे एकेक मैल मोठा होत गेला. 4 जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट मारला गेला. हाच मावळात ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लोकांच्या बोलण्यात राहिलेला अधिकारी. तळेगावला पोचल्यावर इंग्रजांना दिसले ते मराठ्यांनी आपल्याच हातांनी जाळलेले गाव. गरज पडली तर चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळायची तयारी आहे, ही वार्ता त्यांच्या छावणीत पोचली होती. पुणे तेथून सुमारे वीस मैलांवर होते.

11 जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामान जाळले आणि माघार सुरू केली. ती काही तासांतच मराठ्यांच्या ध्यानात आली. वडगावला फौज पूर्ण वेढली गेली. समितीचा चिटणीस फार्मर याला बोलणी करायला पाठवावे लागले आणि 16 जानेवारी 1779 रोजी वडगावचा करारनामा झाला. 1773नंतर घेतलेला मुलूख परत द्यायचा, बंगालहून येणारी फौज परत फिरवायची आणि ओलीस ठेवायचे, अशी कलमे त्यात होती. राघोबादादा शिंद्यांच्या स्वाधीन झाले.

या विजयाचे श्रेय महादजी शिंदे, तुकोजी होळकर, मावळातला दुर्गम मार्ग, जाळलेली गवताची कुरणे आणि इंग्रजांची त्रिमुखी समिती यांना आहे. सेंट लुबिनने कबूल केलेल्या 2,500 फरासिसांपैकी एकही तेथे नव्हता. उपयोग झाला असेल तर उलटाच झाला. फ्रेंचांच्या धास्तीने मुंबईला घाई झाली, बंगालची फौज पोचण्याची वाट न पाहता तिने आपलीच अपुरी फौज घाटावर चढवली. हूल देणाऱ्याला अनेकदा असा न मागितलेला लाभ मिळतो. तो पुन्हा मिळेल असे धरून धोरण आखणे मात्र धोक्याचे, कारण वडगावचा करारनामा मुंबईने आणि कलकत्त्याने लगेच झिडकारला आणि बंगालची फौज कर्नल गॉडर्डच्या हाताखाली फेब्रुवारी 1779च्या अखेरीस सुरतेत येऊन उभी राहिली.

हुलीचे मोल आणि तिची मुदत

आजच्या काळाशी तुलना करण्याचा मोह अशा ठिकाणी होतो आणि तो पूर्ण टाळावा असे मला वाटत नाही. श्रीलंकेने हंबनटोटा बंदर 2017मध्ये 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे दिले. ऑगस्ट 2022मध्ये युआन वांग 5 हे चिनी जहाज तेथे आले तेव्हा भारताने चिंता व्यक्त केली. त्या चिंतेचा कोलंबोला दिल्लीशी बोलताना उपयोग होतो, जसा चौलचा नानांना मुंबईशी बोलताना होत होता. पण फरक मोठा आहे. हंबनटोटात पट्टा झालेला आहे, चौलात तो झालाच नाही. दिलेली वस्तू परत घेता येत नाही, तेव्हा सौदा संपतो आणि अवलंबित्व सुरू होते. नानांनी ही मर्यादा ओलांडली नाही, यात मला त्यांच्या मुत्सद्देगिरीचा खरा कस दिसतो. तुलना याहून पुढे ओढली तर ती तुटते, कारण अठराव्या शतकात पुण्याला पॅरिसची बातमी मिळायला सहा-आठ महिने लागत आणि तोवर तेथील मंत्र्याचे मन बदललेले असू शके.

बातमीच्या या वेगाकडे महासत्तांवरच्या संशोधनात पुरेसे लक्ष दिले जात नाही, अशी माझी तक्रार आहे. हूल ही मुळात मुदतीची गोष्ट आहे. प्रतिस्पर्ध्याला खरी स्थिती कळेपर्यंतच ती चालते. पुण्याहून मुंबईला बातमी काही दिवसांत जाई, मुंबईहून कलकत्त्याला जायला काही आठवडे लागत आणि लंडनला जाऊन उत्तर यायला वर्ष उलटे. त्यामुळे सेंट लुबिनचे खरे वजन मुंबईला लवकर कळणे शक्य होते. कलकत्त्याला ते मुंबईच्याच चष्म्यातून कळणार होते आणि लंडनला कळेपर्यंत मोहीम निघून गेलेली असणार होती. याचा अर्थ असा, की मधल्या पायरीवर बसलेल्या मुंबईला बातमी फुगवण्याची पुरेपूर सोय होती आणि हेतूही होता. पुण्याला कलकत्त्याशी थेट, भरवशाचे आणि सतत चालणारे बोलणे हवे होते. नागपूरकर भोसल्यांचा वकील बेनीराम पंडित हेस्टिंग्जच्या विश्वासातला होता, पण तो भोसल्यांचा होता आणि भोसल्यांचे हित पुण्याच्या हिताशी नेहमी जुळत नसे.

1779नंतर नानांनी जी दुसरी चाल खेळली, ती पहिलीच्या तुलनेत कितीतरी भक्कम होती. फ्रेंचांच्या येण्यावर विसंबण्याऐवजी त्यांनी हैदरअली, निजाम आणि भोसले यांना एकत्र आणून इंग्रजांविरुद्ध फळी उभारली. त्यासाठी हैदरशी कृष्णेच्या दक्षिणेकडील मुलखाबाबत चाललेले जुने भांडण बाजूला ठेवावे लागले. जुलै 1780मध्ये हैदर कर्नाटकात उतरला आणि 10 सप्टेंबरला पोल्लिलूर येथे त्याने इंग्रजांच्या तुकडीचा फडशा पाडला. तिकडे गॉडर्डने डिसेंबरमध्ये वसई घेतली, पण 1781मध्ये बोरघाटापर्यंत येऊन त्याला मागे फिरावे लागले. निजाम आणि भोसले पुढे थंडावले. तरीही ज्यांच्या फौजा प्रत्यक्ष रणात होत्या अशा शेजाऱ्यांनी इंग्रजांना तहाच्या बोलण्यावर आणले, हे नोंदवले पाहिजे.

साल्बाईचे तेरावे कलम

17 मे 1782 रोजी ग्वाल्हेरजवळ साल्बाई येथे महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसईसह पुरंदरनंतर घेतलेला मुलूख पेशव्यांना परत मिळायचा होता आणि राघोबादादांना दरमहा 25,000 रुपयांची नेमणूक ठरली. शाळेच्या पुस्तकांत तह एवढाच असतो. सेंट लुबिन प्रकरणाच्या अभ्यासकाने मात्र तेरावे कलम वाचावे. पेशव्यांनी आपल्या मुलखात पोर्तुगीजांच्या जुन्या ठाण्यांखेरीज कोणत्याही युरोपीय राष्ट्राला वखार घालू देऊ नये आणि त्यांच्याशी मैत्रीचा व्यवहार ठेवू नये, असे त्यात आहे. चौलला न बसलेल्या वखारीची किंमत इंग्रजांनी येथे वसूल केली. पाच वर्षांपूर्वी ज्या शक्यतेने मुंबई धास्तावली होती, ती शक्यताच कागदावर बंद करून टाकली.

पुण्याने मुलूख बराचसा राखला आणि परराष्ट्रसंबंधांचे स्वातंत्र्य, निदान लेखी, गमावले. हा सौदा त्या काळी पुण्यात फार महाग वाटला असेल असे मला वाटत नाही, कारण असे कलम पाळायला लावणारी यंत्रणा इंग्रजांकडे तेव्हा नव्हती. साल्बाईनंतरही फ्रेंच वकिलाचा पुण्याशी संबंध राहिला आणि शिंद्यांच्या कवायती पलटणी सव्हॉयच्या द बॉयन्याने उभ्या केल्या. पण लिहिलेले कलम पडून राहते आणि लिहिणाऱ्याचे बळ वाढले की जागे होते. 31 डिसेंबर 1802च्या वसईच्या तहात इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रांतील युरोपियनांना चाकरीत ठेवायचे नाही अशी अट आली, तेव्हा ती पाळायला लावणारी इंग्रज तैनाती फौज त्याच तहाने पेशव्यांच्या गळ्यात बांधली होती.

साल्बाईच्या तहावर नानांनी लगेच शिक्का केला नाही. 1782 साली फ्रेंच दर्यासारंग सुफ्राँ याचे आरमार कोरोमंडल किनाऱ्यावर इंग्रजांशी झुंजत होते आणि हैदर अजून मैदानात होता. या वेळची फ्रेंच मदत आश्वासनातली नव्हती, ती समुद्रावर दिसत होती. तिच्या आधारे साष्टी परत मिळते का, हे पाहण्यासाठी नानांनी सात महिने तह अडकवून ठेवला. 7 डिसेंबर 1782 रोजी हैदर मरण पावला आणि 20 डिसेंबर रोजी पुण्याची मंजुरी झाली. परंपरेने इतिहासकार या दोन तारखांचा थेट संबंध जोडतात आणि तो मला पटतो. फेब्रुवारी 1783मध्ये तहाच्या प्रतींची देवघेव पूर्ण झाली. त्यानंतर मार्चमध्ये फ्रेंच सेनापती बुसी खरोखरची फौज घेऊन हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरला, तो पूर्वेकडे, कडलूरच्या बाजूला.

इंग्रजांनी या सगळ्यातून स्वतःच्या कामकाजासाठी एक व्यवस्था उचलली. पुण्याची बातमी मुंबईच्या हेतूंनी रंगून कलकत्त्याला पोचू नये, म्हणून पुणे दरबारातला वकील थेट गव्हर्नर-जनरलला जबाबदार असावा असे ठरले. 1786मध्ये चार्ल्स मॅलेट या कामावर पुण्यात आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सी उभी राहिली. दरबारात फ्रेंचांचे काय चालले आहे हे पाहणे हा त्याच्या कामाचा नेमाचा भाग होता.